काबरीच्या मागे

१४ सप्टेंबर ५७, शनिवार. वाशीम.

तिसऱ्या पायरीवर सदूचा पाय घसरला आणि पाठीवरच्या पिशवीसकट तो पद्मतीर्थाच्या पाण्यात बसला. हात द्यायला वाकलो तर शेवाळावरून मीही निघालो. वरच्या पायरीवर एक म्हातारा पिंड मांडून कावळ्याची वाट पाहत होता. म्हणाला, "खेचू नोका त्याले. पितर असीन तर आपसुक वर येईन." सदू पाण्यातच हसला.

पितृपक्षाची गर्दी. कावळे कमी, यजमान फार. वडिलांची तिथी गुरुवारी. अमरावतीला दादा करतो. मी यंदा नाही.

ओल्या कपड्यांनी दिवसभर शहर पाहिलं. जुनी राजधानी. बालाजीच्या देवळामागं एका घराच्या जोत्यात कोरीव दगड उलटा बसवलाय. मूर्तीचं डोकं खाली, पाय वर. त्या पायांवर बसून घरची बाई डाळ निवडत होती. सदू आमच्याच शाळेचा चित्रकलेचा मास्तर; त्यानं कागद काढला. बाई म्हणाली, "त्याचं काढा. माहं नोका काढू. सासू जिती हाय अजून."

धर्मशाळेत ढेकूण. झोप नाही.

१५, रवि. शिरपूर.

बस होती. चाललो. पिशव्या लष्करी मालातल्या, बंद खांद्याला काचतात. एका गाडीवाल्यानं बैल थांबवून विचारलं, "पाठीवर काय विकून राह्यले?"

"विकत नाही. अंथरूण-पांघरूण आहे."

"मंग घर नाई का तुमाले?"

"आहे. अमरावतीला."

"घर असून पाठीवर कायले घेता?" उत्तर न ऐकताच त्यानं बैल हाकलले.

मला तणमोर पाहायचा आहे. बाकी सगळं निमित्त. पावसाळ्यात इथल्या माळांवर येतो, गवतात असतो, दिसत नाही. नर मादीसाठी गवताच्या वर उडी घेतो, तेवढाच दिसतो. गवत कापणीला आलं की तेही नाही. सदू म्हणाला, "कोंबडीएवढं पाखरू ना?"

१६, सोम.

शिरपूरचं जुनं जैन मंदिर. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही म्हणतात. अंधारात वाकून पाहिलं. मला काही कळलं नाही. सदू बराच वेळ वाकलेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "टेकलेली नाही तर वजन कोण घेतं?"

दुपारनंतर माळ. कमरेइतकं कुसळी गवत. पिंपळखेड्याच्या बळीराम पाटलांनी गोठ्याशेजारची खोली दिली. साठीचे, जाड मिशा, कोरडं बोलणं. "पाखरं पाहाले आले? पाहा. पाखरायले आमी नाई म्हनलं तरी ते येतेतच."

१७, मंगळ.

सकाळी काही नाही. चंडोल, तितर. एक लांडगा, लांबून, पाठमोरा.

दुपारी काळवीट. आठ-दहा माद्या, एक काळा नर. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला पडून पाहत होतो. उजवीकडून एक गाय आली. पांढऱ्यावर तांबडे ठिपके. दोन पावलं इकडे, तोंड गवतात. दोन पावलं तिकडे. सरळ अशी येतच नव्हती. पण दर वळणाला हरणांच्या जवळ. माद्यांनी माना उचलल्या, गाय पाहिली, माना खाली. गाय त्यांच्यात जवळजवळ शिरली. तिथे थांबली. मान वळवून आपल्याच खांद्याकडे पाहिलं. कुणाची तरी खूण हवी असावी तसं. तिथे कुणी नव्हतं. दावं गवतातून फरफटत होतं.

सदूनं माझं मनगट धरलं होतं. का, ते विचारलं तर म्हणाला, धरलं नव्हतं.

संध्याकाळी पाटील ओट्यावर:

"ते रामशाची काबरी. रामशा गाय-पारधी होता. गायीच्या आड वाकून जाये अन् फासे मांडे. जनावराले गाय दिसे, मानूस नाई दिसे. आखाडात पान लागलं त्याले."

पान लागलं म्हणजे साप चावला. नाव घेत नाहीत.

"नाल्याच्या काठी पडला. दोन दिवस गाय त्याच्यापाशी उभी. म्हनून तर सापडला. आता एकटीच जाते शिकारीले. बाया म्हंतेत, एकटी नाई जात. पोटाखालून मानसाचे पाय दिसतेत."

"तुम्ही पाहिलेत?"

"मी तिकडं पाहतच नाई."

मग खरी अडचण बोलले. माळाला लागून त्यांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. तण कंबरेला आलं, पण निंदणाच्या बाया त्या अंगाला उतरत नाहीत. दुसऱ्यांच्या वावरांचं तेच. गावानं ठरवलंय: सोमवती अवसेच्या आत रामशाच्या बायकोनं गाय माळावरून न्यावी. नाहीतर गाव बाजारात नेऊन विकेल. दूध नसलेली म्हातारी गाय बाजारात कोण घेतो ते पाटील बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

१८, बुध.

सदूच्या दोन्ही टाचा फुटल्या. जऊळक्याला आगगाडीत बसवून आलो. "तूही चल," म्हणाला.

"तणमोर दिसला की येतो."

"कोण दिसला की?"

गाडी हलल्यावर खिडकीतून चित्राचा कागद दिला. गाय आहे. छान उतरलीय. खांद्याच्या मागे कागद तसाच कोरा ठेवलाय, गवतसुद्धा काढलेलं नाही.

परत एकट्यानं. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं. एकटं चालताना माणूस पाहतोच.

१९, गुरु.

वडिलांची तिथी. दादानं बारापर्यंत उरकलं असेल.

बेड्यावर, पारध्यांच्या वस्तीवर गेलो. तीन पालं होती म्हणे, आता एकच. बाकीचे पोळा झाल्यावर मंगरूळकडे गेले. राहिल्या दोघी: रामशाची बायको शेवंती आणि त्याची आई. म्हातारीला दिसत नाही. काबरी पालाशेजारी रवंथ करत होती. जवळून अगदी साधी गाय.

शेवंती तिशीची असेल. माझ्याकडे न पाहता, "पाटलानं धाडलं?"

"नाही. मी पाखरं पाहायला आलोय."

"पाहाले? धराले नाई?"

"नाही."

म्हातारीला तिनं त्यांच्या भाषेत काही सांगितलं. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

२०, शुक्र.

पुन्हा बेड्यावर. आज ती बोलली. लिहून ठेवतो, तिच्या शब्दांत जमेल तितकं.

गाय माळ सोडत नाही. तिनं दाव्यानं ओढून पाहिलं. नाल्याच्या काठी, जिथे तो पडला तिथे, गाय थांबते. पुढं पाऊल टाकत नाही. मारलं तर बसते. मग उठून उलटी बेड्यावर. "तिले वाटते तो अजून उठाचा हाय. खांद्यापाशी मानूस चालला तर जाईन. तिची आदत तशी हाय. मानूस मांगं, ती पुढं."

तुम्हीच का नाही चालत मागे?

"बाईनं नसते चालाचं तठी."

दीर?

"वरीस होयेपर्यंत घरचा मानूस त्याच्या जागी पाय नाई ठेवत. आमच्यात तसं हाय. ठेवला तर मेलेल्याले वाटते, माही जागा गेली." थांबून, "म्हनून ते लोक गेले. मले म्हनले, गाय सोड अन् चल. कशी सोडू? गाय गेली तर रामशाची म्हनून काय राह्यलं?"

गावातले?

ती नुसती हसली.

मी विचारलं, काबरी तणमोरापर्यंत जाते का? म्हणाली, "कायपर्यंत बी जाते. तिले पाहून कोन उडते?"

ठरलं. रविवारी पहाटे मी काबरीच्या खांद्याशी. शेवंती म्हातारीला घेऊन पुढे, नाल्याच्या पलीकडे थांबेल. गाय एकदा पाणी ओलांडून आली की त्या तिघी मंगरूळच्या वाटेला लागतील. सोमवती सोमवारी. शनिवार मला शिकायला लागणार; दुसरा दिवस नाही.

वाटेत माळावरून जाताना मी पाखरू पाहावं. त्याला तिची हरकत नाही. "पन उभे नोका राहू. गाय चालते तोवर चाला."

२१, शनि.

सकाळभर पाऊस. दुपारी उघडल्यावर पालाभोवती चालून पाहिलं. कमरेत वाकायचं, डोकं गायीच्या पाठीच्या खाली, उजवा हात तिच्या वशिंडामागे. दावं ढिलं. ओढलं की ती थांबते, सैल सोडलं की चालते. बूट चालत नाहीत, काढून ठेवले. म्हातारीनं बोलावून माझे तळवे चाचपले. "मास्तरचे पाय हायेत का लोनी?" शेवंती म्हणाली, "काटा मोडला तर वरडू नोका. मनातल्या मनात वरडा."

गाय ऐकते. पहिल्याच फेरीत इतकं नीट ऐकलं की मला बरं वाटलं नाही. माझा हात तिला नवा वाटला नाही.

पाटलांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?

२२, रवि.

क्रमानं लिहायचं.

पहाटे दंव. दोघी पुढे गेल्या. म्हातारी शेवंतीच्या पाठीवर, भांडी म्हातारीच्या हातात. मी आणि काबरी बेड्यावरून निघालो तेव्हा पूर्वेला नुसतं पांढरं झालं होतं. ती तिच्या चालीनं, नागमोडी. वाकून चालताना माणसाला दोनच गोष्टी दिसतात, गायीचं पोट आणि आपले पाय. बाकीचं जग ती पाहते.

काळविटांच्या जवळून गेलो. एका मादीच्या ओठातून गवताची काडी लोंबत होती, ती मोजता आली असती इतक्या जवळून. मग टेकाडाचा उतार. उतार संपला की नाला. शेवंतीचं लुगडं पलीकडे दिसत होतं, लहान.

तिथे तो उडाला.

आधी आवाज. बेडकासारखा, कोरडा. मग गवतातून सरळ वर, पुरुषभर, काळा, गळ्याला पांढरं, डोक्यामागे पिसांचे तुरे मागे वळलेले. पंख झाडले. वर एक क्षण लटकला. पडला. गवत मिटलं.

मी दावं ओढलं.

ओढायचं नव्हतं. हे लिहिताना मला माहीत आहे की ओढायचं नव्हतं, तेव्हाही माहीत होतं. काबरी थांबली. तो पुन्हा उडाला, त्याच जागेवरून. पुन्हा. किती वेळा ते नाही सांगता येत. ऊन आलं होतं. त्याच्या पोटाचा काळा रंग निळसर दिसायला लागला होता एवढं आठवतं. आयुष्यात मी असं

काबरीचा डावा कान माझ्याकडे होता. उजवा कान मागे, तिच्या दुसऱ्या अंगाला वळलेला. पाखरू समोर होतं. त्या अंगाला काय होतं मला माहीत नाही. मी पाहू शकत होतो. पोटाखालून वाकलं की दिसलं असतं. वाकलो नाही.

मग बायका ओरडल्या. पाटलांनी आज सूर्य वर आल्यावर पुरुषमाणूस सोबत देऊन निंदणाच्या बाया पऱ्हाटीत उतरवल्या होत्या. उतारावरची उभी गाय त्यांच्या समोरच. काबरी बिथरली. दावं हातातून गेलं, तळहात सोलला. मी आडवा पडलो. ती नाल्याकडे गेली नाही. उलटी, सरळ, बेड्याकडे धावत. तिला सरळ धावताना पहिल्यांदा पाहिलं.

शेवंती पाणी ओलांडून परत आली. म्हातारी पाठीवर तशीच. माझ्याजवळ थांबली.

"दिसलं पाखरू?"

"हो."

"झालं मंग."

मी म्हणालो, संध्याकाळी पुन्हा नेऊ. उद्या पहाटे.

"तो कदी उभा नाई राह्यला. पाखरू उडो का काही होवो. गायीले आता समजलं तुमी तो नाई." म्हातारीला सावरून चालू लागली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्या.

पाटील ओट्यावर. गावातले चार-पाच जण खाली उभे. मी आधीच सांगून टाकलं, "तो मी होतो. गायीच्या मागे मी होतो. पाय माझे."

"बूट?"

"काढले होते." तळवे दाखवले. काटे अजून तसेच.

पाटलांनी कंदील वर केला, पाय पाहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "मानलं. एक तुमी."

"म्हणजे?"

"माही सून होती त्या बायायत. खोटं नाई बोलत ते. चार पाय गायीचे. चार मानसाचे. तुमी या अंगाले असान. त्या अंगाले कोन?"

खालून एक जण म्हणाला, "मास्तर, तुमी पाह्यलं असन ना. तुमी तर तठीच होते."

मी म्हणालो, त्या बाजूला कुणी नव्हतं.

"वाकून पाह्यलं?"

उत्तर द्यायला उशीर झाला. तो उशीर त्यांनी पाहिला. पाटलांनी कंदील खाली ठेवला.

एक दिवस द्या म्हणालो. मी स्वतः मंगरूळपर्यंत जातो गायीसोबत. पाटील मऊ आवाजात बोलले, हे पहिल्यांदाच. "तुमी जासान मास्तर. बाया अठीच राह्यतीन. पऱ्हाटी अठीच राह्यीन. सकाळी मानसं जातीन गायीले आनाले. तुमी आड नोका येऊ."

बेड्याकडे निघालो तर पाटलांच्या गड्यानं वाटेत अडवलं. हात जोडून. "आजची रात नोका जाऊ, बापू." परत फिरलो.

चांगली माणसं आहेत. सगळीच. त्यामुळे

मी वाकून पाहिलं असतं आणि तिथे नुसतं गवत असतं, तर संध्याकाळी तसं सांगता आलं असतं. गाय राहिली असती. का वाकलो नाही? तणमोर उडत होता म्हणून, असं लिहायला सोपं आहे. तो दोन उड्यांच्या मधे गवतात असायचा तेव्हा काय करत होतो?

सदू इथे असता तर काय म्हणाला असता. कदाचित, "वजन कोण घेत होतं?" असं काहीतरी. नको.

पाठ दुखते. उजवा हात वर ठेवून चालल्यासारखा आखडलाय.

२३, सोम. सोमवती.

सकाळी पाटलांच्या माणसांबरोबर बेड्यावर गेलो. पाल नव्हतं. तीन दगडांची चूल, राख ओली. गाय नव्हती.

नाल्यापर्यंत गेलो. जिथे रामशा पडला होता त्या जागी कुणी थांबायला तयार नव्हतं. अलीकडच्या काठावरून पहाटेच मेंढरं गेली होती. चिखल सगळा तुडवलेला. कुणाचेच पाय वाचता येत नव्हते. पलीकडच्या काठावर गायीचे खूर होते. खोल, सरळ, मंगरूळच्या वाटेकडे. त्यांच्या पुढे एका बाईची अनवाणी पावलं, पाठीवर ओझं असावं तशी टाचेवर भार दिलेली.

पाटलांचा एक माणूस पाण्यात उतरला आणि गुडघाभर पाण्यातून म्हणाला, "मास्तर, या ना. खुराच्या मांगं काय हाय पाहू." मी अलीकडेच उभा होतो. पाटलांनी त्याला परत बोलावलं.

आठाच्या सुमारास बाया पऱ्हाटीत उतरल्या. माझी गाडी जऊळक्याहून दुपारी आहे.